ट्रे धरायची चार वर्षं

बेलग्रेड, ९ सप्टेंबर

बाबा,

लाल मिरच्यांची दोन्ही पोती पोचली. एक परत पाठवतेय, कारण त्याच्या तोंडाशी तू 'प्रोफेसरसाहेबांसाठी' अशी चिठ्ठी खोचली होतीस. माझ्या प्रोफेसरला मिरच्या, राकियाची बाटली, कोकरू, काही म्हणता काही पाठवायचं नाही, हे मी गेल्या वर्षी सांगितलं, त्याच्या आधल्या वर्षीही सांगितलं. तुझ्या कानांत केस वाढलेत का? न्हावी ना तू, काप की मग!

फोन करत नाही. फोनवर तू ओरडतोस, मी रडते, आणि कुणाचंच कुणी ऐकत नाही. कागद तरी तुला शेवटपर्यंत वाचावा लागेल.

तू दुकानात येईल त्याच्या गालाला साबण लावता लावता सांगतोस की माझी नेवेना सांध्यांची मोठी डॉक्टर होतेय. काय होतेय ते ऐक. सांध्यांचं दुखणं हातांनी कळतं. बोटांची पेरं दाबून बघायची, गुडघ्यावर पालथा हात ठेवून तो किती तापलाय ते बघायचं, आत पाणी साठलं असेल तर सुई घालून काढायचं. हे पुस्तकातून येत नाही. तुला वस्तरा पुस्तकातून आला का? आणि मी इथे चार वर्षं ट्रे धरून उभी आहे. प्रोफेसर कोयिच सुई उचलतात, मी ट्रे पुढे करते. ते सुई ठेवतात, मी ट्रे मागे घेते. वर म्हणायचं, "बघा, डॉक्टर, बघून शिका." आम्ही सहा रेसिडेंट आहोत, सहाही जण ट्रे धरण्यात पारंगत.

वसंतात माझी परीक्षा आहे. पास झाले की लोक मला तज्ज्ञ म्हणतील, आणि मी एकही गुडघा स्वतःच्या हातानं टोचलेला नसेल. ज्याचा पहिला गुडघा माझ्या हाती येईल, त्या माणसाची मला आत्ताच दया येते. आणि राग येतो, इतका की रात्रीचं जेवण उतरत नाही.

नेवेना


ग्रदिश्ते, १७ सप्टेंबर

नेवेना, पोरी,

पोतं मिळालं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, मिरच्या किडक्या होत्या का? काय सांगू तिला, पोरगी किडकी निघाली?

ट्रे धरून कुणाचा हात मोडलेला मी ऐकला नाही. मी उस्ताद पेरिशाच्या दुकानात वस्तऱ्याला हात लावायच्या आधी साबणाचा वाडगाच धरत होतो, आणि वर कानफटात खात होतो. तुला कुणी कानफटात देत नाही ना? मग गप उभी राहा. मोठ्या माणसाशेजारी उभं राहायला मिळतंय, ते बघ. तुझ्या आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तिची एकच इच्छा होती की तू तज्ज्ञ व्हावंस. इतक्या जवळ येऊन तोंड वेडंवाकडं करू नकोस.

आणि कोयिच काही परका नाही. त्याचा आजा आपल्या टेकडीपलीकडच्या गावचा. तुला ते ठाऊक नाही, कारण तुला माणसांची माहिती नसते, हाडांची असते.

तुझ्यासाठी मी एक गोष्ट जमवून ठेवलीय. आत्ता सांगत नाही. कळेल तेव्हा माझ्या हाताचे मुके घेशील.

बाकी सगळे बरे. मिलुतिनचा पोरगा, तुझा भाचा, गुटगुटीत झालाय, डोक्यावर जावळ असं की माझे हात शिवशिवतात. विदोये हल्ली दाढी करायला येत नाही. दर शनिवारी यायचा, आता जंगलातल्या साधूसारखा वाढवून हिंडतो. म्हातारपणी डोकं फिरलं असेल.

बाबा


बेलग्रेड, १४ ऑक्टोबर

बाबा,

आज चेष्टा करू नकोस. नीट वाच.

आमच्याकडे रादोयका नावाची बाई येते. ट्राम चालवते. वयानं आपल्या यागोदावहिनीहून थोडी मोठी. सांधेदुखी जुनी, पण औषधानं आवरलेली. गेल्या महिन्यात ती उजवा गुडघा घेऊन आली. लालभडक, टम्म सुजलेला. मी पालथा हात ठेवला आणि काढून घेतला, इतका चटका बसला. अंगातही ताप होता. असा गुडघा दिसला की आत पू झालाय का हे आधी बघायचं असतं. पाणी काढायचं, तपासायला द्यायचं, निकाल येईपर्यंत थांबायचं. सूज उतरवणारं स्टेरॉइड तोवर आत घालायचंच नाही, कारण आत जंतू असतील तर त्यांना रान मोकळं मिळतं.

मी म्हणाले, "सर, आधी पाणी काढून बघूया का?" ते म्हणाले, "डॉक्टर, हे हात तुमच्या जन्माआधीपासून गुडघे बघताहेत." त्यांना अकराच्या बैठकीला जायचं होतं. रादोयकानं भीतीनं डोळे घट्ट मिटले होते. मी ट्रे पुढे केला. त्यांनी स्टेरॉइड टोचलं आणि गेले.

आठवडा संपायच्या आत तिला रुग्णवाहिकेतून आणलं. गुडघ्यातून पू निघाला, दोनदा ऑपरेशन करून धुतला. जगली. पण गुडघा आता वाकणार नाही. ट्राम संपली तिची.

आणि काल डॉक्टरांच्या सभेत, सगळ्यांसमोर, कोयिच उभा राहिला आणि खेदाच्या आवाजात म्हणाला, "मी फोनवर होतो. तरुण सहकाऱ्यानं उतावीळपणे स्वतःच टोचलं." मी! जिनं आजवर संत्र्यालाही सुई टोचलेली नाही! खोलीत आम्ही दोघंच होतो आणि तिसरीचे डोळे मिटलेले. बाकीचे पाच ट्रेवाले खाली मान घालून बसले.

वीस नोव्हेंबरला चौकशी समिती बसणार आहे. मी तिथे सगळं खरं सांगणार आहे. परीक्षा गेली खड्ड्यात.

नेवेना


ग्रदिश्ते, २१ ऑक्टोबर

नेवेना,

तू काहीही सांगणार नाहीस.

आता ऐक, आणि मधे उठू नकोस. उन्हाळ्यात मी बेलग्रेडला आलो होतो तो दात दाखवायला नव्हे. कोकरू भाजून, नव्या कापडात गुंडाळून कोयिचच्या घरी गेलो होतो. मी त्याला आपल्या घरचा कुम व्हायला सांगितलं. येत्या दोन तारखेला, रविवारी, मिलुतिनच्या पोराचा बाप्तिस्मा आहे. कोयिच पोराला हातावर घेणार, मेणबत्ती धरणार आणि नावही तोच ठेवणार, जुन्या रीतीप्रमाणे. तो हो म्हणाला. कुम व्हायला कुणी नाही म्हणत नाही, तोही म्हणाला नाही.

हे मी कुणासाठी केलं? मिलुतिन तर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. यागोदानं मनात ओब्राद हे नाव धरून ठेवलं होतं, ती अजून डोळे पुसते. मी म्हटलं, तुमच्या बहिणीचं भलं होतंय, गप बसा. प्रोफेसर घरचा झाला की तुझ्या वाटेत कोण आडवं येईल?

आता तू त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार? कुमाविरुद्ध? आपल्याकडे लोक भावाला कोर्टात खेचतात, शेजाऱ्याचं कुंपण जाळतात, पण कुमाच्या वाटेला कुणी जात नाही. हे तुला मी मांडीवर बसवून शिकवलंय. तू तसं केलंस तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. कोण माझ्या वस्तऱ्याखाली मान देईल?

आणि मला एक सांग. तू तरुण आहेस. खरंच चुकून टोचलं असशील आणि आता घाबरून असं बोलत असशील, तर त्यात लाज कसली? माफी माग. तो सांभाळून घेईल. आता तो आपला आहे.

बाबा


बेलग्रेड, २७ ऑक्टोबर

बाबा,

तुझं पत्र मी वॉर्डातल्या बाथरूममध्ये उभ्यानं वाचलं आणि आरशावर मूठ मारली. आरसा फुटला नाही, माझं बोट सुजलंय. सांध्यांची डॉक्टर!

'खरंच चुकून टोचलं असशील.' हे तू लिहिलंस. सभेत कोयिच खोटं बोलला तेव्हा मला राग आला होता. तुझं हे वाक्य वाचून मला काय झालं त्याला शब्द नाही, आणि असता तरी तो बापाला लिहायचा नसतो.

आणि विदोये, आपल्या घरचा खरा कुम! आता कळलं त्यानं दाढी का वाढवली. त्याच्या आज्यानं तुझ्या बापाला हातावर घेतलं, त्याच्या बापानं तुला, त्यानं स्वतः मिलुतिनला आणि मला. आई गेली तेव्हा आपल्या दारात पहिला तोच आला होता, गाढवावर लाकडं लादून. तीन पिढ्यांचं ते नातं तू एका भाजलेल्या कोकरावर मोडलंस, आणि मला लिहितोस की त्याचं डोकं फिरलंय. निदान त्याच्या तोंडावर सांगितलंस का? की त्यालाही पोस्टातल्या बाईकडून कळलं?

बाप्तिस्म्यात पोराच्या वतीनं कुमानं सैतानावर थुंकायचं असतं. सैतानावर थुंकायला तुला नेमका हाच माणूस सापडला?

त्याला मात्र तुझी रीत चांगली समजलीय. परवा कॉरिडॉरमध्ये त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "आता आपण घरचे. घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये. तुम्ही चूक कबूल करा, मी एक साधी समज देऊन प्रकरण मिटवतो, वसंतात परीक्षा पास. वडिलांना वाईट वाटेल असं काही करू नका." बघ, तुझाच धाक मला घालतोय.

मी बाप्तिस्म्याला येणार नाही. पोरासाठी लोकरीचे मोजे पाठवतेय. त्याला मी ओब्रादच म्हणणार.

नेवेना


ग्रदिश्ते, ४ नोव्हेंबर

नेवेना,

झाला बाप्तिस्मा. पोराचं नाव स्रेतेन ठेवलं. कोयिचचं स्वतःचं नाव. पाद्र्यानं विचारलं, कुमानं छाती काढून सांगितलं. यागोदा चर्चच्या बाहेर निघून गेली. विदोये आलाच नाही.

अंगणात मांडव घातला होता. चाळीसेक माणसं. कोयिच टेबलाच्या टोकाला, मी त्याच्या उजव्या हाताला. माझी राकिया त्याला आवडली, फार आवडली. तुझ्या आईचा चुलतभाऊ राद्मिलो, तो गुडघेदुखीवाला, जवळ येऊन म्हणाला, "कुम, मी येतो तुमच्या दवाखान्यात, पण मला त्या शिकाऊ पोरांच्या हाती देऊ नका हं." त्यावर कोयिचनं ग्लास उचलला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्याकडे सुई माझ्याच हातात असते! पोरं ट्रे धरतात. इतकी वर्षं झाली, एकानंही माझ्या इथे सुईला हात लावलेला नाही. लावून तर बघावा!"

चाळीस माणसांनी त्या वाक्यावर ग्लास रिकामे केले. मीही केला.

पोटात गेल्यावर मला कळलं मी कशावर प्यालो ते. मग रादोयकाचा गुडघा कुणी टोचला? हे मला तिथेच, त्याच्या ताटात चमचा आपटून विचारायचं होतं. नाही विचारलं. उलट त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला. त्याच्या गाडीत मिरच्यांचं पोतं ठेवलं. तेच, तू परत पाठवलेलं.

तेव्हापासून मी दुकान उघडलेलं नाही. ह्या रागात वस्तरा धरला तर कुणाचा तरी गळा कापेन.

तुला जे बोलायचं ते समितीत बोल. मी अडवत नाही. पण मला त्यात ओढू नकोस. मी त्याच्याबरोबर भाकरी मोडलीय, तो माझा कुम आहे, आता ते मरेपर्यंत सुटत नाही. वीस तारखेला मी येऊ शकणार नाही. थंडीआधी वेलींच्या बुंध्यांना माती लावायची आहे.

बाबा


बेलग्रेड, २३ नोव्हेंबर

बाबा,

वेलींना माती लावून झाली का?

थापाड्या म्हाताऱ्या! समितीत चहा-कॉफी द्यायला ओल्गित्सा असते, तिनं मला सगळं सांगितलं. सकाळी माझं बोलणं झालं आणि मला बाहेर काढलं. कोयिचनं फोनची गोष्ट पुन्हा सांगितली, माझ्या तरुण वयाबद्दल हळहळला. पाचही ट्रेवाल्यांना काही आठवत नव्हतं. समितीच्या अध्यक्ष डॉ. पावा कागद आवरायला लागल्या, आणि तेवढ्यात दार उघडून एक म्हातारा आत आला. रविवारचा कोट, हातात टोपी. शिपाई मागून ओढतोय आणि हा हलत नाही.

डॉ. पावा म्हणाल्या, "आजोबा, नातेवाइकांना इथे बोलता येत नाही. तुम्ही मुलीचे वडील ना?"

आणि तू म्हणालास, "मी हिचा बाप म्हणून आलो नाही. मी ह्याचा कुम आहे आणि ह्याच्याविरुद्ध बोलायला आलोय."

ओल्गित्सा सांगते, तिच्या हातातला कप तिथेच थांबला. त्या खोलीत नऊ जण होते, सगळे शिकलेले, आणि सगळ्यांना कळलं तू काय केलंस ते. कुणी तुला थांबवलं नाही. मांडवातलं वाक्य तू जसंच्या तसं सांगितलंस, चाळीस माणसांची साक्ष काढलीस. कोयिच म्हणाला, "कुम, दारूच्या टेबलावरचं बोलणं ते." तू म्हणालास, "दारू माझी होती, बोलणं तुझं होतं." टोपी घातलीस आणि गेलास. स्टेशनवर. माझ्या खोलीपासून चार रस्ते पलीकडे! वर आला नाहीस. मी तुला सूप तरी दिलं असतं. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की तू समोर असतास तर गळ्यात पडून बुक्के मारले असते.

निकाल ऐक आणि पुन्हा दुकान बंद कर. सुई कुणी टोचली हे 'निश्चित सांगता येत नाही', असं लिहिलंय. कोयिचकडून आम्हा सहाही जणांना काढून घेतलं, त्याला ह्यापुढे शिकवता येणार नाही. पण तो गुडघे टोचतोच आहे. माझं हे वर्ष धरणार नाहीत. नव्या मार्गदर्शक डॉ. पावा, परीक्षा आणखी वर्षभरानं. म्हणजे शिक्षा मलाही झाली, जणू निम्मी सुई माझ्या हातात होती.

आणि कदाचित होती. मी रादोयकाकडे गेले. पाय लांब करून खिडकीशी बसली होती, खालून ट्राम जाताना ऐकू येत होत्या. मी तिला खरं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तू तेव्हा का नाही बोललीस? सुई आत जायच्या आधी?" मी म्हणाले, बोलले होते. ती म्हणाली, "मला ऐकू आलं नाही. डोळे मिटले होते, कान नव्हते."

खरंय तिचं. मी विचारलं होतं, हळूच, परवानगी मागितल्यासारखं. आणि त्यानं झिडकारल्यावर ट्रे पुढे केला होता. तो ट्रे मी तिथेच जमिनीवर आपटायला हवा होता. ह्याचा राग कुणावर काढू, सांग.

नेवेना


बेलग्रेड, २९ एप्रिल

बाबा,

तू पाच महिने पत्राला उत्तर देत नाहीस. मिलुतिन म्हणतो, तू ठीक आहेस पण गिऱ्हाइकं कमी झालीत, अर्ध्या गावानं तुला वाळीत टाकल्यासारखं केलंय. मला लिही, शिव्या लिही, पण लिही.

आज मी पहिला गुडघा टोचला. एका बेकरीवाल्याचा, भलामोठा, गरम. डॉ. पावांनी सुई माझ्या हातात दिली आणि स्वतः ट्रे धरला. हो, त्यांनी! मी जागा चाचपली आणि सुई घातली. पाणी गढूळ निघालं. "स्टेरॉइड?" त्यांनी विचारलं, मुद्दाम. मी "नाही!" असं ओरडले की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. आधी तपासायला पाठवलं. बेकरीवाला म्हणतो, डॉक्टरीण चांगली आहे, पण फार चिडकी.

नेवेना


ग्रदिश्ते, ११ मे

नेवेना, पोरी,

लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाइकं येत नाहीत ते खरंय. कुमाविरुद्ध उभा राहिलेला न्हावी, त्याच्यापुढे मान कोण देणार? येतील. केस वाढायचे थांबत नाहीत.

मी विदोयेकडे गेलो होतो. तीनदा त्यानं दार उघडलं नाही. चौथ्यांदा मी उंबऱ्याबाहेरच बसून राहिलो. मग तो आतूनच ओरडला, "काय हवंय?" मी म्हणालो, "पोराचं जावळ काढायचंय. पहिली कात्री चालवायला कुम हवा. बाप्तिस्म्याचा कुम एक, जावळाचा दुसरा, तेवढी रीत आपल्याकडे आहे." त्यानं मला अशा शिव्या दिल्या की त्याच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या. मग म्हणाला, "रविवारी येतो. पण तुझी राकिया पिणार नाही."

काल जावळ झालं. ओब्रादला यागोदानं मांडीवर घेतलं. सगळे त्याला ओब्रादच म्हणतात, स्रेतेन फक्त कागदावर आहे. विदोये आला, दाढी पोटापर्यंत. मी त्याला माझी उत्तम कात्री दिली. आणि रीत अशी की कुम कापतो आणि केस तबकात पडतात. तबक धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरलं.

पोरी, तो काय कापत होता! आयुष्यात द्राक्षाच्या फांद्यांशिवाय काही न कापलेला माणूस. इकडे खड्डा केला, तिकडे पायऱ्या पाडल्या, कानाजवळ कात्री नेली तेव्हा मी तबक पुढे सरकवलं. माझं दुकान, माझी कात्री, माझा नातू, गावातला एकुलता एक न्हावी मी, आणि मी तबक धरून उभा. हात नुसते वळवळत होते. ओरडावंसं वाटलं, त्याच्या हातातून कात्री हिसकावून घ्यावीशी वाटली, तबक भिंतीवर फेकावंसं वाटलं. पण धरून उभा राहिलो, कारण त्याच्याशी नातं मीच मोडलं होतं.

घटकाभराचं काम, आणि तेवढंही मला सोसवेना.

तुला मी लिहिलं होतं की ट्रे धरून कुणाचा हात मोडत नाही. ते पत्र तुझ्याकडे असेल तर जाळून टाक.

बाबा